चाक डुलू लागते तेव्हा



खानापूर तालुक्यातील एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. त्यांनी नुकतीच एक जुनी मोटार विकत घेतली आहे. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गेला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. एक मिस्त्री म्हणतो, चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. दुसरा म्हणतो, बेअरिंग गेले. मेहुणे म्हणतात, मोटारच विकून टाका. "फादर, यांपैकी खरे कोणाचे मानावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

तूर्त कोणाचेच मानू नये. या तिघांपैकी एकानेही चाकाला हात लावून पाहिलेला नाही, असे त्यांच्याच पत्रावरून दिसते.

सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्राचे जुने अध्यापक एक लॅटिन ओळ घोकून घ्यावयास लावीत. कोण, काय, कोठे, कशाच्या साहाय्याने, का, कसे आणि केव्हा, अशा सात प्रश्नांची ती माळ होती. ही माळ पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या उपयोगाची असते, अशी आमची समजूत. पुढे पॅरिशची जुनी मोटार सांभाळण्याची पाळी आली, तेव्हा या सातांतील शेवटचा प्रश्न मिस्त्रीच्या कामी किती येतो, हे कळून आले. थरथर केव्हा येते? कोणत्या वेगाला येते? ब्रेकवर पाय ठेवल्यावर येते की ठेवण्यापूर्वीच? वळणावर वाढते की सरळ रस्त्यावर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती केव्हापासून येऊ लागली? एवढे मनाशी पक्के करून मिस्त्रीकडे गेलेल्या माणसाचे निम्मे पैसे वाचतात. कधी कधी त्याहून मोलाचेही काही वाचते.

प्रथम आपल्या खानापूरच्या बंधूंचे पाहू. थरथर एका ठराविक वेगाला येत असेल आणि त्याच्या खाली वा वर कमी होत असेल, तर बहुधा चाकाचा तोल बिघडलेला असतो. लहान मोटारीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. रिमच्या काठावर एका बाजूस अवघे ३० ग्रॅम वजन जास्त असले, तरी त्या वेगाला ते सुमारे ४ किलोच्या ओढीने चाकाला बाहेर खेचते, आणि दर फेऱ्याला निराळ्या दिशेने खेचते. वेग निम्मा केला की ही ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच गावातल्या रस्त्यावर काही जाणवत नाही. ठराविक वेगच का, याचे उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले तर तो उंच जातो, लय चुकवून दिले तर जागच्या जागी घुटमळतो. मोटारीच्या स्प्रिंगा, रबरी बुश आणि स्टिअरिंगचे दांडे यांनाही आपापली लय असते, आणि चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की सारे सांगाडे हलू लागतात. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांवर संशय घ्यावा. हातांत काही नाही, पण बैठक थरथरते, असे असल्यास मागच्या चाकांवर.

तोल बिघडण्याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. रिमच्या काठाला लावलेले शिशाचे वा जस्ताचे वजन निखळून पडते. आमच्या भागात पावसाळ्यात तर याहूनही साधे कारण घडते. शेताच्या वाटेने मोटार गेली की तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूस साचतो, एका रात्रीत वाळून घट्ट बसतो, आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर मोटार थरथरते. बॅलन्सिंगचे पैसे देण्यापूर्वी एक बादली पाणी आणि काठी घेऊन रिम आतून धुवून पाहावा. मिस्त्री हे सांगत नाहीत. सांगण्यात त्यांचा काय लाभ!

थरथर निराळी आणि डुलणे निराळे, हाही भेद ध्यानात घ्यावा. ताशी २० किलोमीटर वेगालाच मोटार पोटुशा म्हशीसारखी डावी-उजवी झुलू लागली, तर तोलाचा दोष नव्हे. एकतर रिम वाकलेला असतो, नाहीतर टायरच्या आतील तारांचा पट्टा तुटून टायरला फुगवटा आलेला असतो. खड्ड्यात जोराने आपटलेल्या चाकाचे असे होते. मोटार उभी करून टायरच्या दोन्ही कडा डोळ्यांनी नीट तपासाव्यात. आतली कड पाहण्यासाठी वाकावे लागते आणि तेथेच माणूस आळस करतो. फुगवटा दिसला की तो टायर संपला असे समजावे. त्यावर पंक्चरवाल्याकडे उपाय नाही.

केवळ ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर चाकाला दोष देऊ नये. ब्रेकच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही म्हणजे असे होते. आणि 'घूंऽऽ' असा भुंग्यासारखा आवाज वेगाबरोबर चढत जात असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. त्याची एक सोपी परीक्षा आहे. उजवीकडे वळताना मोटारीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा उजव्या वळणावर आवाज वाढत असेल तर डावीकडचे बेअरिंग झिजले असावे, आणि डाव्या वळणावर वाढत असेल तर उजवीकडचे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालताना पुढून 'टक्-टक्' येत असेल, तर तो चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा आवाज. त्यासाठी आजच धावपळ करावयास नको, पण महिनोन्‌महिने लांबवूही नये.

येथवरचे दोष बहुधा खर्चाचे आणि कटकटीचे असतात, आणि मोटार काही दिवस तरी मुदत देते. आता ज्याला मुदत नसते त्याविषयी लिहितो. तो दोष फार साधा आहे, दोन-चार मिनिटांत दुरुस्त होतो, आणि मी स्वतः त्याला वीस-पंचवीस मिनिटे ओळखले नाही, हे कबूल करावयास लाज वाटते.

२०२२ सालचा जुलै महिना होता. आमच्या पॅरिशमधील एका वृद्ध आजींच्या धाकट्या बहिणीचे गोव्यात बार्देशमध्ये निधन झाले. दफन सकाळी ११ वाजता होते. आजी, त्यांचा मुलगा आणि आठ वर्षांची नात यांना घेऊन मी पॅरिशच्या मोटारीने बेळगावहून पहाटेस निघालो. मार्ग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाटाचा. दोनच दिवसांपूर्वी मागचे दोन्ही टायर नवे बसवून घेतले होते. दुकानात गर्दी होती, पाऊस आला होता, आणि काम करणाऱ्या पोराला "अरे, आटप लवकर" असे मीच दोनदा म्हणालो होतो. त्या दुकानाला दोष देताना हे दोन शब्द मला विसरता येत नाहीत.

जांबोटीच्या थोडे अलीकडे मागून 'टिक्... टिक्...' असा आवाज येऊ लागला. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल, असे मी मनाशी ठरविले. वेग वाढवला की तो जलद होई, कमी केला की मंद. खड्याचेही तसेच होते, म्हणून माझी समजूत आणखी दृढ झाली. जांबोटी मागे पडली. मग बैठकीखाली एक मंद हालचाल जाणवू लागली. रस्ता खराब आहे, असे मी म्हणालो. मागे बसलेली ती मुलगी थोड्या वेळाने म्हणाली, "फादर, आपली गाडी लंगडतेय का?" मी हसलो आणि म्हणालो, "रस्ता लंगडा आहे, बाळ."

कणकुंबी ओलांडल्यावर रस्त्याचा एक बरा तुकडा लागला. रस्ता गुळगुळीत, पण मोटार मात्र अधिकच लंगडू लागली. तेव्हा कोठे मी थांबलो.

मागच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी एक जागेवर नव्हता. दोन बोटांनी फिरत होते. चौथा घट्ट वाटला, पण पाना लावला तेव्हा कळले की तो घट्ट नव्हता, वाकडा होऊन अडकला होता. त्या स्टडचे आटे पार खाल्ले गेले होते. तेथून पुढे चोर्ल्याचा उतार सुरू होतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी आणि समोर धुके.

एक मालमोटार मागून येत होती, तिचा चालक थांबला. त्याने चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता कामास लागला. दुसऱ्या चाकाचा एक नट काढून त्याने तो येथे बसविला, म्हणजे दोन्ही चाकांना तीन-तीन चांगले नट झाले. रिमची भोके लांबट झालेली नाहीत, हे त्याने बोट फिरवून पाहिले. झाली असती तर मोटार येथेच ठेवा असे सांगितले असते, असे तो म्हणाला. मग साखळीपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने उतरलो, तेथे स्टड बदलून घेतला, आणि गावी पोहोचलो तेव्हा दफन होऊन गेले होते. थडग्यावर माती लोटून लोक परतत होते. आजी मातीजवळ पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर त्या मला काही बोलल्या नाहीत. पहिला 'टिक्' ऐकला तेव्हाच मी उतरलो असतो तर पाना लावण्यास पाच मिनिटे लागली असती आणि आजींना बहिणीचे मुख पाहता आले असते. अर्थात न थांबता घाट उतरू लागलो असतो तर काय झाले असते, याचा हिशोब निराळा.

मी थांबलो का नाही? उशीर होईल ही भीती होतीच. त्याशिवाय एक जुनी समजूतही असावी असे आता वाटते. आपण सारे बैलगाडीच्या मुलखातले. गाडीचे चाक आसावर मुद्दाम सैल ठेवलेले असते. ते डुलत, करकरतच चालते, आणि आसाच्या टोकाची खीळ त्याला बाहेर पडू देत नाही. खीळ निखळली तरच अनर्थ. दशरथाच्या रथाची खीळ पडली तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला, ही कथा आपल्याकडे घरोघर ऐकलेली असते. निर्गमाच्या पुस्तकातही तांबड्या समुद्रात मिसरी रथांची चाके निखळल्याचे वर्णन आहे. चाक थोडे डुलणारच, ही कल्पना अशी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मोटारीच्या चाकाचे तसे नाही. मोटारीचे चाक हबला चिकटलेले असावे लागते, इतके की त्या दोघांत एक तसूभरही सरक असता कामा नये. बेअरिंगच्या अलीकडे डुलण्याला मुळीच जागा नाही.

पुष्कळांना वाटते की चाक स्टडवर टांगलेले असते आणि नट ते पडू देत नाही. खरे तसे नव्हे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगेप्रमाणे तो रिमला हबवर दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीचा स्टड लहान मोटारीच्या मापाने आवळला, तर ढोबळ हिशोबाने एकेक नट सुमारे ४ टनांचा दाब देतो. चार नटांचे मिळून १६ टन! एवढ्या दाबाखाली रिम आणि हब यांच्यात जे घर्षण निर्माण होते, त्याच्या जोरावर मोटारीचा सारा भार, वळणाची ओढ आणि ब्रेकचा हिसका पेलला जातो. दाब आहे तोवर स्टडवर आडवा मार बसतच नाही.

आता मौज पाहा. एवढा दाब देणारा हा ताण स्टडची लांबी जेमतेम केसाच्या जाडीइतकी वाढवून मिळतो. रिम आणि हब यांच्या मध्ये गंजाचा पापुद्रा, रंगाचा जाड थर वा वाळलेला चिखल राहून गेला, आणि पहिल्या काही किलोमीटरांत तो दबून केसाएवढा बसला, तर ताण संपला. नट जागच्या जागी आहे, फिरलेलाही नाही, आणि तरी तो सैल आहे. मग चाक हबवर सूक्ष्म सरकू लागते. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले की, नट आपोआप सुटण्याचे मुख्य कारण वरखाली बसणारे धक्के हे नसून अशी आडवी सरक हे आहे. प्रत्येक सरकीबरोबर आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि नट अणुमात्र मागे फिरतो. आपल्या लहान मोटारीचे चाक १०० किलोमीटरांत ५० हजारांहून अधिक फेरे घेते. तेवढ्या फेऱ्यांत अणुमात्राचे किती होते, ते मी कणकुंबीच्या पुढे पाहिले.

नट कोणत्या दिशेने सुटू पाहतो, याचाही अनुभव जुन्या कारागिरांना होता. सायकलच्या डाव्या पायंड्याचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणारा कोणताही मुलगा सांगेल. महायुद्धकाळच्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नटही उलट्या आट्यांचे होते. अशी जुनी जीप कोणाकडे अजून असेल आणि डाव्या बाजूचा नट काही केल्या सुटत नसेल, तर पान्यावर उडी मारण्यापूर्वी तो उलटा फिरवून पाहावा. आजच्या मोटारींना दोन्हीकडे सरळच आटे असतात. योग्य ताणाने बसविलेला नट कोणत्याही दिशेने सुटत नाही, या हिशोबावर त्या बांधलेल्या आहेत. म्हणून ताणाची जबाबदारी आपल्यावर येते.

सैल नटाची लक्षणे आता ओघानेच सांगता येतील. थरथर एका वेगाला बांधलेली नसते, हळू चालतानाही ती असते, आणि दर मैलाला वाढत जाते. तोल बिघडलेले चाक महिनाभर एकसारखे थरथरते, सैल चाक मात्र अर्ध्या तासात बदलते. चाकाच्या फेऱ्याबरोबर 'टिक्' वा 'खट्' असा आवाज येतो. नटाभोवती गंजाचे तांबूस ओघळ किंवा धातू घासून आलेली चकाकी दिसते. आणि थरथर सुरू होण्यापूर्वी काही दिवसांत त्या चाकाला कोणाचा तरी हात लागलेला असतो. पंक्चर, नवा टायर, ब्रेकचे काम, काहीही. म्हणूनच 'केव्हापासून' हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा म्हटले. काल चाक उघडले आणि आज ते बोलू लागले, तर बेअरिंग आणि बॅलन्सिंग यांचा विचार नंतर करावा. आधी डाव्या बाजूस मोटार घेऊन थांबावे. जोराचा ब्रेक मारू नये, स्टिअरिंगला हिसका देऊ नये, पाय उचलून वेग आपोआप उतरू द्यावा.

नट घट्ट असूनही चाक डुलते, अशी शंका असल्यास घरच्या अंगणात एक परीक्षा करता येते. जमीन सपाट आणि टणक हवी. हातब्रेक ओढावा, मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि मगच पुढचे एक चाक जॅकने उचलावे. मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, विश्वासाने खाली शिरण्यासाठी नव्हे. आता घड्याळातील १२ आणि ६ या आकड्यांच्या जागी चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हालवावे. नंतर ९ आणि ३ यांच्या जागी धरून हालवावे. दोन्ही वेळा सारखेच हालले तर बेअरिंग झिजले असावे. केवळ ९ आणि ३ ला हालले तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा सांधा ढिला झालेला असतो. केवळ १२ आणि ६ ला हालले तर घोटाळा होतो, कारण तो बेअरिंगचाही दोष असू शकतो आणि खालच्या बॉल जॉइंटचाही. अशा वेळी घरातील कोणाला तरी ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेक दाबताच हालणे थांबले तर बेअरिंग, न थांबले तर बॉल जॉइंट. मिस्त्री लोक याला 'चाकात प्ले आहे' असे म्हणतात. कोणता प्ले, एवढे विचारले की त्यांचा आपल्याशी बोलण्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

बॉल जॉइंट पूर्ण निखळला तर चाक आतल्या आत कोलमडते. तेव्हा तो दोष सापडल्यास मोटार पाहुण्यांकडे नेऊ नये, गॅरेजकडेच न्यावी. बेअरिंगविषयी एक खुलासा. जुन्या जीपमध्ये वा २०१४ साली बनणे बंद झालेल्या ॲम्बॅसॅडरमध्ये पुढच्या चाकाचे बेअरिंग नट आवळून नीट करता येत असे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढचे बेअरिंग बंद डबीसारखे असते. ते आवळत नाहीत, बदलतात. "थोडे टाइट करून देतो" असे त्याविषयी कोणी म्हणाल्यास नमस्कार करून निघावे.

नट आवळण्याचीही रीत आहे. रिमची आतली बाजू आणि हब तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावे. आट्यांना तेल वा ग्रीस लावू नये. तेलामुळे तोच पाना जास्त ताण देतो आणि स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट आधी हातानेच फिरवून बसवावेत. हाताने चार फेरे सहज जात नसेल तर आटे तिरके बसत आहेत असे समजून परत काढावा. मग चार नट असल्यास समोरासमोरचे, आणि पाच असल्यास एक सोडून एक, या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे रिम सर्व बाजूंनी सारखा बसतो. शेवटचा पीळ चाक जमिनीवर टेकवून द्यावा. लहान मोटारींना हा पीळ साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटर इतका लागतो. नेमका आकडा मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे किती, तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा दाब. धट्टाकट्टा माणूस त्या पान्यावर उभा राहिला की मापाच्या दीडपट-पावणेदोनपट पीळ बसतो, आणि दुकानातील हवेवर चालणारी गन बेफिकीर हातांत असली तर त्याहूनही जास्त. अति आवळलेला स्टड आतून दुबळा होतो, आणि रस्त्यात पंक्चर झाले तर घरच्या माणसांकडून तो नट सुटतच नाही. पॅरिशसाठी मी एक टॉर्क पाना विकत घेतला आहे. मापाला पोहोचताच तो 'टक्' करतो. ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा, वहीत नाव लिहावे आणि परत आणावा. परत आणावा हे दोनदा लिहावयास हवे होते.

चाक उघडले गेल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावावा. केसाएवढी जी झीज व्हावयाची ती तेवढ्यात होऊन जाते. हे काम दुकानदार करीत नाही, कारण तेव्हा आपण त्याच्या दुकानापासून दूर असतो.

खानापूरच्या बंधूंनी आता असे करावे. प्रथम चारही चाकांच्या नटांना पाना लावावा, मग रिम आतून धुवावेत, टायरच्या आतल्या कडा पाहाव्यात, आणि तरीही थरथर ८० लाच येत राहिली तर पहिल्या मिस्त्रीकडे जाऊन बॅलन्सिंग करून घ्यावे. मेहुण्यांना तूर्त काही कळवू नये.

गेल्या महिन्यात त्याच आजींचे कुटुंब गोव्याला निघाले होते. आता त्यांची स्वतःची मोटार आहे, आणि आदल्याच दिवशी तिला नवे टायर बसविले होते. टॉर्क पाना वहीत सही करून नेला होता. जांबोटीहून मुलाचा दूरध्वनी आला. मोटार कोठेही थरथरत नव्हती, आवाजही नव्हता, पण सांगितले म्हणून थांबून पाना लावला, तर 'टक्' होण्यापूर्वी एक नट पाव फेरा फिरला, असे तो म्हणाला. कोणत्या चाकाचा, असे मी विचारले. डावे, मागचे. मागून त्या मुलीचा आवाज येत होता. आता अकरा-बारा वर्षांची झाली आहे. बाकीच्या तीन चाकांना पाना मीच लावणार, असा तिचा हट्ट चालला होता. "आजी विचारते, निघायचं का?" असे मुलाने विचारले. तिला लावू द्या, आणि मग निघा, असे मी सांगितले.